घाम नितळ

गेल्या महिन्यात आमच्या पेडण्याच्या ऑफिसात जुनी रजिस्टरं रद्दीत काढायचा हुकूम आला. मला निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, त्यामुळे असली कामं हल्ली आपसूक माझ्याच टेबलावर येतात. कपाटाच्या खालच्या खणात, वाळवीने खाल्लेल्या नकाशांच्या खाली, आंबेव्हाळच्या धरणाची रजिस्टरं सापडली. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. एक उघडलं. तारीख, पाण्याची पातळी, पाणी सोडायचं दार किती फेरे उघडलं, आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात दोनच शब्द. घाम नितळ. खालच्या ओळीत पुन्हा, घाम नितळ. पान उलटलं तरी तेच. मी ती रद्दीत टाकली नाहीत. कुठे ठेवावीत तेही कळत नाही. सध्या माझ्या गाडीच्या डिकीत पडून आहेत.

हे दोन शब्द रोज लिहिणारे सगुणभाई आता नाहीत. ते गेले तेव्हा ऑफिसातल्या नव्या पोरांनी विचारलं, कोण सगुणभाई? मी म्हटलं, आपल्याकडे गेट ऑपरेटर होते. पोरांनी मान डोलावली आणि आपापल्या कामाला लागली. त्यांचं काही चुकलं नाही. माझंच उत्तर अपुरं होतं, आणि ते पुरं करायचा मला तेव्हा कंटाळा आला.

आंबेव्हाळचं धरण म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. डोंगराळ अंगाला दोन टेकड्यांच्या मधून एक व्हाळ उतरतो, म्हणजे ओढाच. त्याच्यावर घातलेला मातीचा बांध. पोटात चिकणमाती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड रचलेले आणि मागच्या उतारावर गवत. गाव त्याला धरणसुद्धा म्हणत नाही, 'बांद' म्हणतं. पण खालच्या तीन वाड्यांचे नळ, पोफळीची कुळागरं, पावसाळी भात कापल्यावर केलेली वायंगणाची शेती, सगळं त्या बांदावर जगतं. आणि बांद फुटला तर पाणी पहिल्यांदा शिरेल ते सकयल्या, म्हणजे अगदी खालच्या, वाड्यातल्या घरांत. त्यातलं पहिलं घर सगुणभाईंचं. ते नोकरीला लागले त्याच्या आधीपासूनचं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो कनिष्ठ अभियंता म्हणून, कोऱ्या करकरीत बुटांत. बांधावर समोरून एक किडकिडीत माणूस येत होता. खाकी अर्धी चड्डी, खिशाला पेन, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला. देवळात शिरताना माणूस चपला काढतो तसं काहीतरी असेल असं मला वाटलं, आणि मी त्यांच्या भक्तिभावाचं थोडं कौतुकही केलं. ते माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, चपलेला काय कळणार? पायाला कळतं कुठे माती भुसभुशीत झाली ते. तीसेक पावलांवर ते मध्येच थांबले, टाच दाबून बघितली आणि पुढे गेले. पुढे कितीतरी वर्षं त्यांना मी त्या बांधावर चपला घालून चालताना बघितलं नाही.

त्या दिवशी त्यांनी मला मागच्या बाजूला पायथ्याशी नेलं. तिथे दगडांच्या थरातून पाण्याची बोटभर धार येत होती आणि एका छोट्या पन्हाळीतून वाहत होती. मी नवा, पुस्तकातून नुकताच बाहेर पडलेला. म्हटलं, ही गळती किती दिवसांची? सगुणभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही वावगं बोललो होतो.

"सायबा, ही गळती न्हय. ह्यो घाम. माणसाक येता तसो धरणाक येता. येवकच होयो."

मग पिशवीतून त्यांनी एक कोप काढला. कोप म्हणजे काचेचा पेला, आमच्याकडे पोर्तुगीज गेले तरी कोप राहिला. जाड बुडाचा, जुना, कुणाच्या तरी लग्नात आलेला. तो धारेखाली भरला, उन्हाच्या दिशेने धरला, डोळा बारीक करून बघितला. नंतर एका चपट्या दगडावर ठेवून दिला आणि स्वतः शेजारी बसून पिशवीतला उंडो, म्हणजे पाववाल्या पोदेराकडचा गोल पाव, काळ्या चहात बुडवून खाल्ला. पाव संपेपर्यंत कोपाला हात नाही. संपल्यावर कोप अलगद उचलून खालून बुडाकडे बघितलं. तळाला काहीच बसलं नव्हतं. तेव्हा ते पाणी पिऊन टाकलं, तोंड पुसलं आणि रजिस्टर उघडून लिहिलं, घाम नितळ. घामात माती आली की समजायचं, धरणाचं आतलं अंग जायला लागलं, असं ते म्हणाले. हीच गोष्ट मी कॉलेजात चार तास खर्चून शिकलो होतो, आणि परीक्षेत त्या प्रश्नाला मला निम्मेच गुण पडले होते.

माझे वडील त्यांच्या गावच्या मराठी शाळेत काही वर्षं मास्तर होते. सगुणभाई तिथे चौथीपर्यंत शिकलेले. हे नातं त्यांना कळल्यावर मला हाक मारणं दुहेरी झालं. चारचौघांत मी 'सायब' आणि 'तुमी', आम्ही दोघंच असलो की 'मास्तरांचो झील', म्हणजे मास्तरांचा मुलगा, आणि सरळ 'तू'. अक्षर त्यांचं वळणदार होतं, वडिलांनी गिरवून घेतलेलं. "मास्तरांनी माका लिवक शिकयला," ते म्हणायचे, "म्हणान मी रोज लिवतंय." मला त्यात कधीकधी टोमणा ऐकू यायचा, कारण साइटवर जाऊन आल्यावर लिहायचा माझा आळस ऑफिसात प्रसिद्ध होता.

बांधाच्या उत्तरेच्या टोकाला राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, एक दगड आहे, शेंदूरबिंदूर काही नाही, नुसता दगड. पावसाळ्याआधी सगुणभाई तिथे रोट आणि नारळ ठेवायचे. गाऱ्हाणं घालायला भटजी नाही, गुरव नाही, तेच. गाऱ्हाणंही एवढंच, "रातचो तू, दिसाचो मी." ही वाटणी त्यांनी मनापासून पाळली. सरकारी सुट्टी, चतुर्थी, घरची कार्यं, काही असो, सकाळचा कोप चुकला नाही. त्यांची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, मला एकदा चहा देताना थकलेल्या आवाजात म्हणाली होती, "माज्या तापाची खबर ह्येंका शेजारी सांगतत. धरणाचो घाम मात्र रोज बघतत." सगुणभाई शेजारीच बसले होते. त्यांनी खाली मान घालून चहा संपवला, कारण ती म्हणत होती ते खरं होतं.

उंदीर, साळिंदर आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, हे त्यांचे खात्यातले शत्रू. भात कापणी झाली की उंदीर बांधाकडे वळतात. सगुणभाई बिळं शोधत फिरायचे, गवताचे तुकडे मिसळलेली चिकणमाती आत ठोसायचे, वरून पायाने तुडवायचे. बांधात बीळ करणारी कुर्ली मात्र ते घरी न्यायचे आणि तिचं तिखट सांबारं व्हायचं. मला आग्रहाने वाढताना म्हणायचे, जेव, ही सरकारी ड्युटी आहे. ते क्वचित हसत, आणि हसले तरी आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे.

एका वर्षी पंचायतीने झाडं लावायचा कार्यक्रम बांधावर ठेवला. सरपंच, शाळेची मुलं, मंडप, भाषणं, सगळं. बांधाच्या मागच्या उतारावर फणस, जांभूळ, काजू यांची पन्नासेक रोपं लागली आणि प्रत्येकापुढे ज्याने लावलं त्याच्या नावाची पाटी. सगुणभाई दिवसभर मंडपाच्या खुर्च्या उचलत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतार पुन्हा बोडका झाला होता. सरपंच संतापून ऑफिसात आले, मला बरोबर घेऊन थेट बांधावर. झाडं कुठे गेली? सगुणभाईंनी पलीकडच्या टेकडीकडे बोट दाखवलं. सगळी रोपं तिथे ओळीने लावलेली, पाट्यांसकट, सरपंचांची पाटी सगळ्यांत पुढे आणि तिच्याभोवती दगडांचं आळंही केलेलं.

सरपंचांनी विचारलं, बांधावर झाड असलं तर तुमचं काय बिघडतं? तेव्हा ते म्हणाले, "झाड मरता, मूळ कुसता, नळी रवता. पाण्याक वाट दाखवक माणूस लागना नाय." सरपंच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, मूळ कुजलं की मागे पोकळ नळी राहते आणि पाणी तिच्यातून वाट काढतं. आज त्या टेकडीवर फणस लागतात. सरपंचांची पाटी गंजून पडली, त्यांच्या फणसाला मात्र दरवर्षी धरतं.

आता जे सांगायचं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

रजिस्टरांवरून दर महिन्याला एक इंग्रजी अहवाल वर पाठवायचा असतो. माझ्या आधीचे लोक शेऱ्याच्या रकान्यात डोळे मिटून 'काही नाही' असं लिहायचे. मी नवा होतो, उत्साही होतो, मला ते अप्रामाणिक वाटलं. रजिस्टरात रोज काहीतरी लिहिलेलं असताना 'काही नाही' कसं? पण घामाला काय लिहावं? घामासाठीचा इंग्रजी शब्द लिहिला तर वरचे साहेब हसले असते. पाझर म्हणायचं तर त्याचा नेमका शब्द मला त्या क्षणी आठवला नाही, किंवा आठवला आणि मी आळस केला. मी लिहिलं 'लीकेज', आणि पुढे, 'रोज'. 'नितळ' हा शब्द तर मी घेतलाच नाही. त्याला रकान्यात जागा नव्हती.

तो कागद वर गेला. धरणाला रोज गळती लागली आहे असं वरच्यांनी वाचलं, आणि वाचल्यावर स्वस्थ बसणं त्यांनाही शक्य नव्हतं. उन्हाळ्यात एक ठेकेदार आदेश घेऊन आला. पायथ्याचा तो दगडांचा थर, त्यातली ती धार, सगळं सिमेंट ओतून बंद करायचं. मी साइटवर होतो. सगुणभाई सिमेंटच्या गोण्यांपुढे उभे राहिले, हात जोडलेले. बंद करू नका म्हणाले, घाम अडवला तर पाणी कुठे जाईल, ते आपली वाट काढेलच. ठेकेदाराने त्यांना आदेश दाखवला. सगुणभाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि माझ्याकडे दिला. "सायबा, वाचा. कित्याक बंद करतत ता वाचा."

मी वाचलं. 'गळती' असा शब्द मी मराठीत म्हणालो. ते म्हणाले, गळती कोणी सांगितली? मी म्हटलं, वरून आलंय.

दुसऱ्या दिवसापासून रजिस्टरात नवी ओळ आली, घाम बंद. रोज तीच. पुढच्या अहवालात मी लिहिलं, लीकेज थांबलं, आणि वरून शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र माझ्या नावावर होतं. मी फाइलला लावलं.

पावसाळ्यात धरण भरलं. सगुणभाई कोप पिशवीत घेऊन फिरत होते, पण भरायला धार नव्हती. तुळशीचं लग्न झालं, गवत पिवळं पडायला लागलं, आणि बांधाच्या मागच्या उतारावर, पायथ्यापासून पुरुषभर उंचीवर, एक तुकडा हिरवागार राहिला. अंथरुणाएवढा. शेजारून जाणाऱ्या गुराख्याला तो चांगला चारा वाटला. सगुणभाई त्याच्यावर अनवाणी उभे राहिले आणि त्यांच्या टाचेखाली पाणी आलं. त्यांनी मला बोलावून तो दाखवला. मी बुटाने दाबून बघितलं, पाणी माझ्या बुटाखालीही आलं. मी म्हटलं, कळवतो. कळवलंही. एकदा पत्र पाठवलं, दोनदा आठवण केली. उत्तर आलं की थांबवलेल्या गळतीबद्दल पुन्हा पत्रव्यवहार कशासाठी, हे समजत नाही.

हिरवा तुकडा वाढत गेला. सगुणभाई सकाळी बांधावर यायचे ते मला पूर्वीसारखे दिसत नव्हते. चालताना कुठेही थांबायचे, आणि पुष्कळ वेळ थांबायचे. घरी त्यांच्या नातवाचं बारसं होतं, तेव्हा पाहुण्यांना सोडून तीनदा बांधावर जाऊन आले. वहिनी म्हणाली, आपल्या घरापेक्षा ते धरणातच राहतात हल्ली. मी त्यांना धीर दिला असता, पण कसला देणार होतो?

आणि एका सकाळी त्यांनी पिकास घेतली आणि सिमेंट फोडलं. एकट्याने. मी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. अंगातला शर्ट ओला, हाताला फोड, आणि फोडलेल्या भोकातून पाणी येत होतं, आधी तांबडं, चहासारखं. आम्ही दोघंही धारेजवळ बसून राहिलो. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांनी कोप भरला, दगडावर ठेवला. त्या दिवशी पाव नव्हता, तरी पाव खायला लागतो तेवढा वेळ ते बसले. बुडाला किंचित माती होती. ओतून टाकलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या कोपाला तळ स्वच्छ निघाला. ते प्याले. नंतर कोप माझ्यापुढे धरला. मीही प्यालो. पाण्याला सिमेंटची चव होती.

हिरवा तुकडा पुढच्या पंधरवड्यात पिवळा पडला. पण त्याआधी मेमो आला. सरकारी मालमत्तेची हेतुपुरस्सर मोडतोड. तो बजावायला मलाच पाठवलं. त्यांच्या पडवीत बांकावर बसून मी तो इंग्रजीतून वाचला आणि मग मराठीत सांगितला. ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "ह्यात घाम खंय असा?"

मी म्हटलं, घाम त्यात नाही. तो शब्द मीच पहिल्यांदा बदलला, सगुणभाई. 'लीकेज' मी लिहिलं.

हे बोलून मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. ते काही वाटलं नाही. सगुणभाईंनी अंगणाकडे बघितलं. मग म्हणाले, मास्तरांनी शुद्धलेखनाला फार मारलं होतं हो आम्हाला. एवढंच. सही केली, वळणदार, आणि वहिनीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

चौकशीत मला बोलावलं होतं. बांध वाचला तो त्यांच्यामुळे, हे मी सांगितलं. ओल सुकली, हेही सांगितलं. तो शब्द माझा होता, हे सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. सगुणभाई टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. समज देऊन त्यांना सोडलं, पण ती समज सेवापुस्तकात नोंदली गेली. मला लाज वाटते, आजही वाटते, आणि तिचं काय करायचं ते मला कधी कळलं नाही.

त्यानंतर आमच्यात काही बिनसलं असं म्हणता येणार नाही. कुर्ल्यांचं सांबारं पूर्वीसारखंच मिळायचं. फक्त आम्ही दोघंच असतानाही ते मला 'सायब' म्हणायला लागले.

माझी बदली डिचोलीला झाली. तिथे खाणींच्या खड्ड्यांतलं पाणी, धूळ, पंप, तक्रारी, अशी वर्षं गेली. मध्येच कळलं, सगुणभाई निवृत्त झाले. सेवापुस्तकातल्या त्या ओळीमुळे ऑफिसने निरोप समारंभ वगैरे केला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी राखणदारापुढे नारळ ठेवला आणि म्हणाले म्हणे, "आजसून दिसाचो पण तूच." हे मला वहिनीने सांगितलं. तुयेच्या कारखान्यात जाणारा त्यांचा मुलगा मात्र सांगत होता की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुन्हा बांधावर होते.

मी पेडण्याला परत आलो तो वरच्या हुद्द्यावर. डोक्यावरून आता विमानं जातात, टेकड्यांवर नवे बंगले आलेत, त्यांना पोहायच्या तलावासाठी पाणी हवं असतं. आंबेव्हाळला आता ठेक्यावरच्या एजन्सीचा माणूस आहे. दोडामार्गच्या बाजूचा, भला माणूस, पण त्याला तीन धरणं बघायची असतात. त्याच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात 'ओके' असतं. मागच्या वर्षी पावसाळ्याआधी मी पाहणीला गेलो, गाडीतूनच, आणि 'समाधानकारक' असा अहवाल सही करून पाठवला. बूट काढणं तर सोडाच, मी बांधावर पूर्ण चाललोही नाही. वय झालं, गुडघे दुखतात, आणि खरं सांगायचं तर आता कुठल्याच बांधावर चालायची हौस उरलेली नाही.

पाऊस ओसरल्यावर, धरण काठोकाठ भरलेलं असताना, एजन्सीच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, साहेब, ते म्हातारे रोज येऊन बसतात, आज उठायलाच तयार नाहीत, तुम्हालाच बोलवा म्हणतात.

सगुणभाई पायथ्याशी त्या चपट्या दगडावर बसले होते. शेजारी काठी, चपला, पिशवी. साखरेने त्यांचे डोळे नेले होते. उजेड आणि अंधार एवढंच कळतं, असं मुलाने मला आधी सांगितलं होतं. माझ्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली.

"मास्तरांचो झील?"

इतक्या वर्षांनी मी ते ऐकत होतो. मी नुसता हुंकार दिला आणि शेजारी बसलो. त्यांनी हात धारेखाली धरला होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघत होते. खरखर लागते असं वाटतंय, म्हणाले, पण बोटं पिकासच्या कामाने जाड झालेली, त्यांचा भरवसा नाही. एजन्सीचा माणूस मागून म्हणाला, पाणी साफ आहे, मी बघितलंय. सगुणभाईंनी पिशवीतून कोप काढला आणि माझ्यापुढे धरला.

"माका दिसना नाय. तू बघ, आणि काय दिसता ता सांग."

मी कोप भरला. उन्हाकडे धरला. स्वच्छ होतं, असं म्हटलं तर चाललं असतं. दगडावर ठेवला. पाव कुणाकडेच नव्हता. आम्ही बसून राहिलो आणि मी त्या 'समाधानकारक'बद्दल विचार करत होतो, ज्याखाली माझी सही होती, आणि निवृत्तीला किती थोडा काळ राहिला होता त्याबद्दल. 'नितळ' म्हटलं असतं तर ते घरी गेले असते, मीही गेलो असतो. नंतर कोप उचलून मी खालून बघितलं. जाड काचेच्या बुडाशी कुंकवाच्या चिमटीएवढी तांबडी माती बसली होती.

"तांबूस असा, सगुणभाई," मी म्हटलं. "बुडाक माती बसली हा."

त्यांचे खांदे खाली आले. मला वाटलं ते घाबरले, पण तसं नव्हतं. बरेच दिवस एकट्याने उचललेलं ओझं खाली ठेवल्यावर होतं तसं काहीतरी ते होतं.

"लिव मगे," ते म्हणाले. "दिसला तसा लिव."

मी एजन्सीच्या माणसाकडून रजिस्टर घेतलं. त्या दिवसाचं 'ओके' आधीच लिहिलेलं होतं. ते खोडलं आणि शेऱ्यात लिहिलं, घाम तांबूस. खाली पूर्ण सही केली. वाच, असं ते म्हणाले. मी वाचून दाखवलं. त्याच दुपारी मी वर तेच दोन शब्द मराठीत कळवले, त्यांचा अर्थ चार ओळींत समजावला, आणि पहिल्यांदा 'लीकेज' कोणी आणि कसं लिहिलं होतं तेही लिहिलं. दार उघडून पाणी उतरवलं गेलं. पायथा खणला तेव्हा जुन्या सिमेंटखाली खडी आणि वाळूचा थर गच्च होऊन बाजूने पोकळी पडलेली निघाली, हात आत जाईल एवढी. अजून एक पावसाळा बांध टिकला नसता. खडी-वाळू नवी घातली. हे काम संपलं तेव्हा सगुणभाई अंथरुणाला खिळले होते, आणि पुढच्या चतुर्थीच्या आत गेले. त्यांना सांगायला मी गेलो होतो. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. सेवापुस्तकातली ती ओळ काढून टाका, असं मी लिहिलंय. त्या फाइलचं अजून काही झालेलं नाही.

पण मला ते अंथरुणावरचे आठवत नाहीत. त्या दिवशी रजिस्टर वाचून झाल्यावर त्यांनी कोपातलं पाणी चाचपडत गवतावर ओतलं, कोप शर्टाच्या टोकाने पुसला आणि एजन्सीच्या माणसाच्या हातात दिला. मी गाडीने सोडतो म्हटलं तर नको म्हणाले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चपला, असे ते बांधावर चढले आणि घराच्या दिशेने निघाले. मी खालून बघत होतो. बांधाच्या मध्यावर ते थांबले, टाच दाबून बघितली, मग पुढे गेले.